खोरं न सोडणारा पक्षी

फॉल्सम, कॅलिफोर्निया
२५ जानेवारी

चि. रेणूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून ते आधी लिहून मोकळी होते.

पत्र बघून तू चक्रावशील. रोज फोनवर दिसतो एकमेकींना, मग वहिनीला हे काय सुचलं? अगं, फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू यावं म्हणून मी बोलले की ते साऱ्या घराला ऐकू जातं. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. यतीन घरूनच काम करतो, त्याच्या मीटिंगा चालू असतात, आणि मी कुकरची शिट्टी चिमट्यात धरून उभी. पत्र लिहिताना तेवढं तरी सुख आहे. श्रवणयंत्र मात्र लावत जा. डबीत ठेवून ते ऐकू येत नसतं.

तू विचारलं होतंस, "वहिनी, दिवसभर करतेस तरी काय?" खरं सांगू? खिडकीत बसते. इथे पायी जाऊन यावं असं काही नाही. वाण्याचं दुकान गाडीने, देऊळ गाडीने, डॉक्टर गाडीने, आणि गाडी म्हणजे आमचे चिरंजीव, यतीन. रस्त्यावर माणूस दिसलाच तर तो कुत्र्यासाठी आलेला असतो. नातीची, ऋताची शाळा तेवढी चालत जाण्याजोगी आहे. तिला आणायला रोज जाते, तेच माझं फिरणं. सूनबाई प्रीता कामानिमित्त टेक्ससला आहे, अर्विंगला. तिथे तिच्या कंपनीचं मोठं काम निघालंय. येऊन-जाऊन असते.

तर खिडकी. मागच्या कुंपणापलीकडे एक ओढा आहे आणि ओढ्याकाठी एक जुना ओक. आता हिवाळ्यात एकही पान नाही त्याच्यावर, नुसती हिरवी बांडगुळं लटकलेली. त्या झाडावर एक जोडी आलीय. पक्षी आपल्या टकाचोराच्या भाऊबंदांपैकी, तसंच लांब शेपूट, पण रंग काळा-पांढरा, आणि ऊन पडलं की त्या काळ्यातून निळा-हिरवा निघतो, पैठणीचा पदर हलवल्यावर निघतो तसा. चोच मात्र पिवळीधमक. डोळ्याशीही पिवळा डाग, हळद लावून पुसायची राहून गेल्यासारखा. आवाज अगदी कर्कश. दोघं मिळून काड्या गोळा करतात आणि भांडतात, आणि पुन्हा काड्या गोळा करतात.

ऋताला शाळेत कॅलिफोर्नियातल्या एका प्राण्याविषयी प्रकल्प करायचा आहे. बाकीच्या मुलांनी अस्वलं आणि देवमासे घेतले. मी म्हटलं, ज्याला बघायला गाडी लागत नाही तो घे. म्हणून आम्ही हा घेतला. पिवळ्या चोचीचा मॅगपाय. ती इंग्रजीतून वाचून दाखवते, मी मराठीतून शंका काढते. बारा वर्षांची आहे, पण माझ्या दहावीच्या वर्गातल्या मुलींपेक्षा बारकाईने बघते. मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं ते फळ्यावर. जिवंत प्राणी इतके दिवस ओळीने बघायला मला ह्या वयात सवड मिळाली.

तुला एक नवल सांगते. ऋताने नकाशा काढला आणि हा पक्षी राहतो तेवढा भाग पिवळा रंगवला. एवढी थोरली अमेरिका, त्यात बोटभर पट्टी. हे मधलं खोरं आणि समुद्राकडच्या काही टेकड्या. पुण्याहून नागपूरला गेलं आणि आणखी थोडं पुढे, एवढंच. जगात दुसरीकडे कुठेही नाही. पूर्वेला डोंगर आहेत, आणि डोंगरापलीकडे त्याचाच काळ्या चोचीचा भाऊ अर्ध्या खंडभर पसरलाय. ह्याला कोणी अडवलेलं नाही. पंख धड आहेत. पण हा डोंगर ओलांडत नाही, थंडीत खाली दक्षिणेलाही जात नाही. पिल्लं मोठी झाली तरी जन्मल्या झाडापासून फार लांब राहायला जात नाहीत. मी ऋताला विचारलं, का गं? ती म्हणाली, हवामान असेल, नक्की कोणाला माहीत नाही. मी म्हटलं, लिही, सवय. तिने ते लिहिलं नाही, तिला पुरावा हवा असतो.

मी मनगटावरचं घड्याळ कऱ्हाडच्या वेळेलाच ठेवलंय. तू चहाला बसलीस की मला कळतं.

येण्याचं विचारलंस. परतीचं तिकीट दिवाळीचं होतं ते नाताळचं झालं, आणि नाताळचं होतं ते आता "बघू" झालंय. ग्रीन कार्ड आहे तेव्हा मुदतीचा प्रश्न नाही. पासपोर्ट आणि कार्ड यतीनच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत, सुरक्षित राहावेत म्हणून. कुलूप नाही हं त्याला. उगाच काही मनात आणू नकोस.

शनिवारी ब्लॉक उघडतेस ना? बाल्कनीचं दार थोडा वेळ उघडं ठेवत जा. तुझ्या दादाची खुर्ची उन्हातून सरकव, वेत तडकतो.

लवकरच येणारी,
तुझी कांचनवहिनी

*

फॉल्सम
२२ फेब्रुवारी

चि. रेणूस,

आशीर्वाद. ह्या वेळी रीतीची ती ओळ लिहीत नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "प्रीता कुठे असते गं? कधीच दिसत नाही." तेही ओरडून. यतीन माझ्या मागे कॉफी ओतत होता. तो कप तसाच ठेवून आत गेला. आणि मी तुला म्हटलं, नेट गेलंय वाटतं, आणि फोन बंद केला. नेट गेलं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून इतके दिवस गप्प बसले. पण तुझ्यापासून झाकायचं म्हणजे मला जेवण जाईना. प्रीता येऊन-जाऊन नसते. ती ऑक्टोबरात गेली ती गेलीच. तिने अर्विंगला नोकरी घेतली, बिऱ्हाड केलं. दोघांचं मोडलंय, रेणू.

कोणी कोणाला मारलं-झोडलं नाही, कोणाचं बाहेर काही नाही. तसं काही असतं तर मला एकाची बाजू तरी घेता आली असती. दोघं एका घरात दोन खोल्यांत कानाला मीटिंगचं यंत्र लावून बसायची, आणि हळूहळू बोलायचंच राहून गेलं. मी जूनमध्ये आले तेव्हा हे पुरतं झालेलं होतं. यतीन मला फोनवर म्हणाला होता, "आई, बाबा गेल्यावर एकटी कशाला राहतेस?" मला वाटलं, पोराला माझी काळजी. होतीच म्हणा. पण दुसरंही काही होतं.

वाद ऋतावरून आहे. प्रीता म्हणते, शाळेचं वर्ष संपलं की ती माझ्याकडे येईल. यतीन म्हणतो, येणार नाही. वकील झाले आहेत. एकदा यतीनने वकिलाचा फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, तेव्हा ऐकलं. वकील म्हणाला, "ग्रँडमदर घरात आहे, रोज शाळेतून आणते, घरचं जेवण, घरची भाषा. हे जजला आवडतं." फोन ठेवल्यावर यतीन मला म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून आपली केस स्ट्राँग आहे गं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चाळीस पार केलेला मुलगा. 

आता कळलं ना तिकीट का पुढे जातं? माझ्या तिकिटाला ऋता बांधलेली आहे. मी उठले की त्याची बाजू पडते. मी बसून राहिले की मुलगी आईविना राहते. प्रीता मला कधी टोचून बोलली नाही, नाहीतर तेवढं तरी कारण मिळालं असतं. उलट गेल्या आठवड्यात म्हणाली, "आई, तुम्ही तिथे आहात म्हणून मला रात्री झोप लागते." म्हणजे तिनेही मला इथेच बांधलं. दादा गेला तेव्हा हीच मुलगी तेरा दिवस आपल्या स्वयंपाकघरात कंबर बांधून उभी होती, तू बघितलंस. आपलेच दात, आपलेच ओठ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

घरट्याचं सांगते, तेवढंच सुखाचं लिहिण्यासारखं आहे. आत चिखलाची वाटी, आणि वर काड्यांचं छप्पर केलंय. घुमटच म्हण. आत जायला बाजूने एक भोक. लांबून बघितलं तर बांडगूळ कुठलं आणि घरटं कुठलं, सांगता येत नाही. नर मादीला नजरेआड होऊ देत नाही. ती ओढ्यावर गेली की हा मागे, ती गवतात उतरली की हा वरच्या फांदीवर. एकदा ती अंड्यांवर बसली की आतून हलणार नाही, हाच तिला भरवणार. ऋता म्हणते, "ही लव्ह्ज हर." मी म्हटलं, असेलही, पण शेजारच्या नराची भीतीही असेल. तिने दोन्ही लिहून घेतलं. वहिनी आता स्वतःला पक्षी समजायला लागली असं तुझ्या मनात येईल, तर तसं काही नाही. पक्ष्याला वकील नसतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मागच्या मंगळवारी ऋताला शाळेतून घेऊन येत होते. वळणाशी एक मॅगपाय मरून पडला होता, गाडीने उडवलेला असावा. आणि त्याच्याभोवती दहा-बारा जमलेले. वरच्या तारेवर, कुंपणावर, दोन अगदी जवळ जमिनीवर. नुसता कालवा. आम्ही लांब थांबलो. ऋता हळूच म्हणाली की हे असं करतात हे तिने वाचलंय. वीस वर्षांपूर्वी डासांमुळे ह्या पक्ष्यांत साथ आली, आणि खोऱ्यातले निम्मे तरी मेले. तेव्हा कोण कोणासाठी जमलं असेल? मी हे तिला बोलले नाही. थोड्या वेळाने एकेक उडून गेला आणि रस्ता मोकळा झाला.

ऋताने मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, "मॉमला सांगायचं होतं. पण ती आता मीटिंगमध्ये असेल."

मी तिचं घड्याळ बघितलं. दोन तास पुढे. म्हटलं, अगं, तुझं घड्याळ चुकतंय.

"चुकत नाहीये, आजी. ते मॉमचं आहे."

टेक्सस इथून दोन तास पुढे आहे. ऑक्टोबरपासून पोरीने घड्याळ तिथल्या वेळेला लावून ठेवलंय. मग माझ्या डोक्यात सगळं जुळलं. संध्याकाळी लवकर भूक लागते ती. लवकर पेंगते ती. मग तिने माझं मनगट धरून बघितलं आणि म्हणाली, "तुझंही राँग आहे." काट्याच्या घड्याळात कऱ्हाडची वेळ इथल्यापेक्षा दीडच तास पुढे दिसते. म्हणजे आम्हा आजी-नातीच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक. दोघींचं घड्याळ एका घरात, आणि त्या घरात किती वाजलेत हे दोघींनाही सांगता येत नाही.

तर रेणू, लिहूनच टाकते. ऋताने आईकडे जावं असं मला वाटतं. यतीन वाईट बाप नाही. पण मुलगी तिथे राहते आणि इथे फक्त झोपते.

आणि हे लिहिलं की लगेच दुसरं मन म्हणतं, कांचनबाई, ती गेली की तू सुटलीस. कऱ्हाड, बाल्कनी, रेणूचा चहा. सुंठीवाचून खोकला गेला. म्हणजे मला नातीचं भलं दिसतंय की माझं तिकीट? चांगलं तपासून बघितलं. मला सांगता येत नाही. खरं तेच माझ्या सोयीचं निघालं, आणि त्यामुळे मला ते तोंडातून काढता येत नाही.

कोर्टाने नेमलेल्या एक बाई घरी येणार आहेत, सगळ्यांशी वेगवेगळं बोलायला. रंगपंचमी झाल्यावर त्याच आठवड्यात. यतीनने मला समोर बसवून सांगितलं, "आई, जास्त काही बोलायचं नाही. ऋता इथे खूश आहे, एवढंच म्हणायचं." मी मान हलवली. तुझ्या दादाचं शेवटचं वाक्य तुला आठवतं? तूच चमचा धरला होतास. "यतीनला सांभाळ." माझं नाव नाही, तुझं नाही. यतीनला सांभाळ. आता सांभाळणं म्हणजे त्याला हवं ते बोलणं का, हे विचारायला तो माणूस नाही.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. फोनवर काही विचारू नकोस.

तुझी कांचनवहिनी

*

फॉल्सम
१४ मार्च

चि. रेणूस,

आशीर्वाद. तू फोनवर काही विचारलं नाहीस, नुसतं हवापाणी बोललीस, आणि तेही श्रवणयंत्र लावून. तुझे उपकार.

रंगपंचमीला तुझ्या दादाचं वर्षश्राद्ध केलं. भटजींना बोलावलं नाही. यतीन म्हणाला, व्हिडिओवर करता येतं. मी म्हटलं, नको, तेवढं माझ्या हातून होईल. अळूची पानं आणि केळीचं पान, दोन्ही इंडियन स्टोअरमधली, गोठवलेली. वडे चांगले झाले. खीर थोडी पातळ झाली, दादाने बोलून दाखवलं असतं. ऋता सकाळीच मैत्रिणीकडे गेली होती. यतीनने स्वतःहून धोतर नेसलं, पोटावर जीन्सचा पट्टा बांधून. मी हसले नाही.

पान वाढून मागच्या अंगणात कुंपणाशी ठेवलं आणि दोघं दाराशी येऊन उभे राहिलो. आता कावळा शिवल्याशिवाय जेवायचं कसं? इथे कावळे आहेत, पण त्या दिवशी एकही फिरकला नाही. ओकवर तेवढी आपली जोडी. मादी आत घुमटात, नर भोकाशी. नर पानाकडे बघतोय आणि खाली येत नाहीये.

मागच्या वर्षी प्रीतिसंगमावर दहाव्याला कावळा कसा झटकन आला होता. तू म्हणाली होतीस, "दादाचं काही मागणं नव्हतं." ते आठवलं आणि मला बरं वाटेना. मी म्हटलं, कावळा नाही तर हाच शिवू दे, ऋताच्या पुस्तकात हा कावळ्याच्याच कुळातला आहे. यतीन हसला. म्हणाला, "आई, तू बायॉलॉजीची टीचर ना?" होतेच. आणि तरी उभी होते. तोही उभा होता की, धोतर सावरत.

बराच वेळ गेला. यतीनला भूक लागली होती. मग तोच गंभीर झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी काही कमी पडू देणार नाही." नर जागचा हलला नाही. "बाबा, कऱ्हाडचा ब्लॉक विकणार नाही." विकायचं त्याच्या मनात होतं, हे मला त्या क्षणी कळलं. नर एक फांदी खाली आला आणि पुन्हा वर गेला. मी म्हटलं, "रेणूला अंतर देणार नाही." काही नाही. दादाला तुझी तेवढी काळजी दिसत नाही.

मग यतीन म्हणाला, "बाबा, ऋताला मी इथेच वाढवीन. तुमच्यासारखी. मराठी बोलणारी." 

नर भोकापाशी गेला. मी त्या भोकाकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, ठरवलं नव्हतं, शपथ घेते, "ऋताला तिच्या आईकडे पाठवू. माझ्या हातून जेवढं होईल तेवढं मी करीन."

आम्ही दोघंही खांबासारखे उभे राहिलो. आणि नर खाली आला. आधी कुंपणावर, मग गवतात. तिरका तिरका चालत पानाशी गेला, भाताची मूद फोडली, चोचीत मावेल तेवढा भात घेतला, आणि वर मादीकडे गेला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मी तुला वर्गातल्यासारखं समजावू शकते. मादीला भरवायचे दिवस आहेत, त्याला खाणं हवंच होतं. आम्ही दोघं हात जोडत होतो, हलत होतो, म्हणून तो बिचकत होता. थिजून गेलो तेव्हा आला. एवढंच झालं. मला ते त्याच क्षणी ठाऊक होतं.

यतीन पांढरा पडला. म्हणाला, "कावळा नाहीये तो, आई."

"नाहीच."

"बाबांनी वगैरे काही ऐकलेलं नाही."

"बाबांचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "तू ऐकलंस."

तो आत गेला. पानावर बसला, पण वड्याला हात लावला नाही. मी समोर बसून जेवले. जेवायला हवंच होतं, श्राद्धाचं अन्न.  आणि छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

त्यानंतर घरात बोलणं नाही. तो मीटिंगमध्ये बोलायचा, मी ऋताशी बोलायचे, मध्ये भिंत. गुरुवारी त्या कोर्टाच्या बाई आल्या. यतीनने मला काय बोलायचं ते पुन्हा सांगितलं नाही. शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाई शांत होत्या, माझ्या इंग्रजीला हसल्या नाहीत. मी आधी यतीनचं सांगितलं. डबा तो स्वतः भरतो, गणित शिकवतो, ताप आला तर उशाशी बसतो. सगळं खरं. मग घड्याळाचं सांगितलं. ऑक्टोबरपासून पोरीचं घड्याळ कुठल्या वेळेला लावलेलं आहे ते सांगितलं. तुझ्याशी फोनवर बोलते ना, तेवढ्या आवाजात बोलले. भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. पाठीमागून बोलले असं मला व्हायला नको होतं.

बाई गेल्यावर तो बाहेर आला. ऋता शाळेतून यायची होती. खुर्चीवर बसला आणि रडला. म्हणाला, "मी कधी बघितलंच नाही गं तिचं घड्याळ." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.  तसाच उठून त्याने प्रीताला फोन लावला, वकिलांना सोडून. माझ्यासमोरच लावला. शाळा सुटली की जूनमध्ये ऋता अर्विंगला जाईल. सुट्ट्या इथे. कागद होतील ते होतील. शेवटी दोघं ऋताच्या दातांच्या तारांविषयी बोलत होती, पूर्वी बोलायची तसं. जुळेल असं मात्र धरून चालू नकोस. मीही धरत नाही.

ऋताला सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. म्हणाली, "पण तिथे हे नाहीत." आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. खरंच आहे, हा पक्षी टेक्ससला नाही. मी म्हटलं, पत्रातून कळवत जाईन. अंडी किती, पिल्लं किती. मग ती बापाच्या कुशीत शिरून खूप रडली, आणि तो तिला थोपटत होता. मी भाजी चिरायला घेतली.

आता तुझ्या प्रश्नाचं, कधी येतेस ह्याचं, उत्तर. ते तू तिन्ही पत्रांत शोधत असशील.

काल सकाळी चहाच्या कपाशेजारी माझा पासपोर्ट आणि कार्ड होतं. यतीन म्हणाला, "आई, तिकीट बघू? एप्रिलचं मिळेल." माझ्याकडे बघत नव्हता. गेले कित्येक महिने मी ह्या वाक्याची वाट बघत होते. पासपोर्ट हातात घेतला. त्यातला फोटो दादाने काढून आणायला लावला होता, कपाळावर केस आलेत म्हणून दोनदा. आणि समोर हा. दाढी वाढलेली. जूननंतर ह्या खोल्यांत हा एकटाच असणार, कानाला यंत्र लावून. संध्याकाळी कोणाची वाट बघायची नाही, कोणाला उठवायचं नाही. खोरं डोळ्यांसमोर असताना बाहेर पाय निघत नाही, तो का, हे ऋताच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आणि दुसरं मन आहेच, ज्याचं मागच्या पत्रात लिहिलं. मी नातीसाठी बोलले की तिकिटासाठी? मी आत्ता विमानात बसले तर मला ते आयुष्यभर कळणार नाही, रेणू. आणि यतीनलाही नाही. त्याला वाटत राहील, आईला सुटायचं होतं.

मी उठले. त्याच्या टेबलाशी गेले. ड्रॉवर उघडला आणि पासपोर्ट होता तिथे ठेवून दिला. ह्या वेळी माझ्या हाताने.  चहा गार झाला होता, मी पुन्हा गरम केला.

रागावशील. रागाव. त्या ब्लॉकच्या दोन खोल्या आणि तू, ह्यापलीकडे मला ह्या जगात काही नको होतं, हे तुला माहीत आहे. मला तुझी इतकी आठवण येते की परवा स्टोअरमध्ये तुझ्यासारखी पाठ दिसली म्हणून मी एका अनोळखी बाईच्या मागे डाळीच्या रांगेपर्यंत गेले. कधी येईन असं लिहीत नाही. लिहिलं की तू शनिवारी चादरी बदलून ठेवशील, आणि मला ते इथे बसून दिसेल.

आज सकाळपासून मादी बाहेर आलेली नाही. अंडी घातली असावीत. बाहेरून काही कळत नाही. नर खेपा घालतोय.

किल्ली तुझ्याकडेच असू दे. दादाच्या खुर्चीवर तू बसत जा आता, नुसती ठेवली तर वेत सुकतो. माझं घड्याळ मी आज इथल्या वेळेला लावलं. तू चहाला कधी बसतेस ते आता मला हिशेब करून काढावं लागेल.

न येणारी,
तुझी कांचनवहिनी